अभ्यासक्रम आणि शिक्षकांचे सहनेतृत्व : एक प्रस्तावना

बालभारतीचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानांवर नावांची यादी दिसते. विषय समिती, अभ्यासगट, चित्रकार, निर्मिती अधिकारी. त्यात प्राध्यापक असतात, तसे वर्गावर शिकवणारे शिक्षकही असतात. मुले ते पान उलटून पहिल्या धड्याकडे जातात आणि बहुतेक शिक्षकही तेच करतात. पण शाळेत काय शिकवायचे हे कोण ठरवते, असा प्रश्न ज्याला पडला आहे त्याने या पानावर थोडे थांबायला हवे. राज्यातल्या लाखो शिक्षकांपैकी मोजक्यांची नावे तिथे छापली जातात. बाकीच्यांपर्यंत ते पुस्तक जून महिन्यात तयार होऊन येते, गठ्ठे सुटतात, वाटप होते आणि वार्षिक नियोजनाच्या वहीत घटकांपुढे महिने लिहिले जातात.

ही विभागणी कायद्यातही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ ने अभ्यासक्रम ठरवण्याचे काम शासनाने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाकडे दिले. कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये आहेत आणि ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे त्यांतले एक. त्याच कलमात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला लागेल तशी जादा मदत करावी, असेही सांगितले आहे. ज्याने वर्गात आठवडाभर काढला आहे त्याला ही दोन कर्तव्ये कुठे एकमेकांना अडतात ते लगेच कळते. पुढे जायचे की थांबायचे, हा निर्णय शिक्षक रोज घेतो. फक्त तो एकट्याने, बिनबोभाट आणि बऱ्याचदा टाचणवहीत वेगळेच लिहून घेतो.

प्रस्तुत पुस्तक या एकट्याने घेतलेल्या निर्णयांविषयी आहे. हे निर्णय शिक्षकांनी मिळून, उघडपणे आणि अधिकाराने घेतले तर काय होते? जगात आणि आपल्याकडे असे कुठे घडले, ते कशामुळे टिकले आणि कशामुळे मोडले?

एक उदाहरण जवळून पाहू. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या गावात दसरा-दिवाळीनंतर वर्गाचा पट हातात उरत नाही. आई-वडील कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या भागात जातात, बरीच मुले बरोबर जातात आणि परततात ती हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये. तिसरीच्या गणितातला भागाकार मासिक नियोजनात दिवाळीनंतर असेल, तर या मुलांच्या वाट्याला तो येतच नाही. त्यामुळे भागाकार आधी घ्यावा का? घेतला तर त्याच्या आधी काय पक्के व्हायला हवे आणि कोणता घटक मागे टाकला तर चालेल? हा शुद्ध अभ्यासक्रमाचा प्रश्न आहे. तो पुण्यातल्या समितीला राज्यभरासाठी सोडवता येणार नाही, आणि गावातल्या एका बाईंनी मनाशी सोडवला तर शेजारच्या गावाला त्याचा उपयोग नाही. शिवाय या प्रश्नाचे दुसरे टोक शंभर-दोनशे किलोमीटरवर, कारखान्याजवळच्या शाळेत आहे. तिथे नोव्हेंबरमध्ये अचानक दहा मुले दाखल होतात आणि त्यांना काय येते हे तिथल्या गुरुजींना ठाऊक नसते. महाराष्ट्रात यासाठी शिक्षण हमी पत्रक निघाले, जनार्थसारख्या संस्थांनी साखरशाळा चालवल्या. मुलाची नोंद एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवण्याची सोय झाली. पण मूल गेले तेव्हा काय शिकत होते आणि परत येईल तेव्हा कुठून सुरू करायचे, हे दोन्ही टोकांच्या शिक्षकांनी एकत्र बसून ठरवणे ही पुढची पायरी आहे. सहनेतृत्व म्हणतात ते हेच.

म्हणून सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केलेला बरा. शाळेत कामे वाटून देणे म्हणजे नेतृत्व वाटून घेणे नव्हे. सहलीचे तुम्ही बघा, पोषण आहाराचे तुम्ही, स्नेहसंमेलन पाटीलसरांकडे, ही वाटणी मुख्याध्यापक नेहमीच करतात आणि ती गरजेची असते. इथे मुद्दा निर्णय वाटून घेण्याचा आहे: काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने, कशाच्या आधाराने आणि मुलांना ते आले हे कसे ओळखायचे.

या विचाराचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे आणि त्याच्या आरंभी एक शिक्षिका आहे. शिकागोच्या शाळांत अनेक वर्षे काम केलेल्या एला फ्लॅग यंग यांनी जॉन ड्यूई यांच्या हाताखाली प्रबंध लिहिला. १९०१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शाळेतले एकटेपण हा त्याचा विषय. वरून आदेश येत राहतात, शिक्षक ते पाळतो आणि स्वतः विचार करण्याची त्याची सवय मोडते. ज्याला स्वतःला विचाराचे स्वातंत्र्य नाही तो मुलांना ते कसे देणार, असा त्यांचा रोख होता. त्यांनी शिक्षकांच्या परिषदांचा आग्रह धरला. १९०९ मध्ये त्या शिकागोच्या संपूर्ण शालेय व्यवस्थेच्या प्रमुख झाल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांची सूत्रे अमेरिकेत तोवर कोणा स्त्रीकडे आली नव्हती. ड्यूईंचे नाव आपल्याकडे डी.एड.च्या पुस्तकातही येते. यंगबाईंचे येत नाही, आणि यायला हवे.

पुढे १९२० च्या दशकात डेन्व्हर शहराचे शिक्षणप्रमुख जेसी न्यूलन यांनी अभ्यासक्रमाची फेररचना वर्गशिक्षकांच्या समित्यांकडे सोपवली. त्यातली महत्त्वाची गोष्ट साधी होती. समितीवरच्या शिक्षकांना कामाच्या वेळेत वर्गातून मोकळे केले जाई आणि त्यांच्या जागी बदली शिक्षक दिले जात. शिक्षकांनी अभ्यासक्रम करावा असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यासाठी वेळ आणि पैसा काढून ठेवणारे क्वचित.

ब्रिटनमध्ये १९६४ साली स्थापन झालेल्या स्कूल्स कौन्सिलमध्ये शिक्षकांचे बहुमत होते. त्याच काळात लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी १९६७ पासून मानव्यविद्यांचा एक अभ्यासक्रम प्रकल्प चालवला. युद्ध, वंशभेद, कुटुंब अशा वादग्रस्त विषयांवर किशोरवयीन मुलांची चर्चा घडवायची आणि शिक्षकाने स्वतःचे मत न लादता ती चालवायची, अशी त्याची रीत होती. ही रीत नुसते पुस्तक वाचून जमण्यासारखी नव्हती. शिक्षकांनी आपल्याच वर्गातले संवाद तपासायचे, एकमेकांना दाखवायचे आणि त्यातून साहित्य सुधारायचे, हे त्याचे खरे इंजिन. शिक्षक हा स्वतःच संशोधक, ही आज सर्वत्र ऐकू येणारी कल्पना स्टेनहाऊस यांच्या १९७५ च्या ग्रंथातून रुजली. आपल्या बी.एड. अभ्यासक्रमातल्या कृतिसंशोधनामागेही ही परंपरा उभी आहे, जरी प्रत्यक्षात त्याची पुष्कळदा एक फाइल होऊन जाते. स्कूल्स कौन्सिल १९८४ मध्ये बंद झाले. १९८८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम आला.

जोसेफ श्वाब हे या क्षेत्रातले आणखी एक महत्त्वाचे नाव. १९६९ पासूनच्या लेखांत त्यांनी मांडले की अभ्यासक्रम हा सिद्धान्तातून काढायचा निष्कर्ष नाही, ती प्रत्यक्ष परिस्थितीतली विचारपूर्वक निवड आहे, आणि ती करताना विद्यार्थी, शिक्षक, विषय आणि परिसर या चारही बाजूंचे जाणकार एका टेबलाशी हवेत. जपानमध्ये हे टेबल प्रत्यक्षात दिसते. तिथे शिक्षकांचा गट एक पाठ मिळून आखतो, त्यातला एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मुलांकडे बारकाईने पाहतात आणि नंतर सगळे बसून त्या पाठाची चिकित्सा करतात. चिकित्सा पाठाची होते, पाठ घेणाऱ्याची नव्हे. ‘निरीक्षण’ म्हटले की अजूनही साहेबांची तपासणी आठवणाऱ्या आपल्या शिक्षकांना हा फरक फार मोलाचा वाटेल. स्टिग्लर आणि हीबर्ट यांच्या १९९९ च्या पुस्तकानंतर पाठ-अभ्यासाची ही पद्धत जगभर गेली. फिनलंडने वेगळी वाट घेतली: राष्ट्रीय पातळीवर गाभा ठरवायचा आणि त्यावर स्थानिक अभ्यासक्रम नगरपालिका व शाळांनी लिहायचा.

नेतृत्वाचा सिद्धान्त या सगळ्या व्यवहाराच्या मागून आला. पीटर ग्रॉन आणि जेम्स स्पिलेन यांनी २००० च्या आसपास दाखवून दिले की शाळेतले नेतृत्व मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसलेले नसते. ते माणसांच्या एकमेकांशी चाललेल्या व्यवहारात घडत असते. स्पिलेन यांनी शिकागोतल्या शाळांचे बैठका आणि वेळापत्रकांपर्यंत निरीक्षण करून हे मांडले. अ‍ॅल्मा हॅरिस यांनी ब्रिटनमध्ये हा विचार पुढे नेला. दुसरा गट शिक्षक-नेत्यांविषयी बोलतो, म्हणजे वर्ग न सोडता सहकाऱ्यांना पुढे नेणाऱ्या अनुभवी शिक्षकांविषयी. तिसरा आवाज सावध करणारा आहे. अँडी हारग्रीव्ह्ज यांनी नव्वदच्या दशकातच सांगितले की प्रशासनाने वेळ, जागा आणि विषय ठरवून घडवून आणलेले सहकार्य बाहेरून सहकार्यासारखे दिसते, पण त्यात शिक्षकांच्या हाती काही नसते. या तीनही गटांचे साहित्य चाळल्यावर हारग्रीव्ह्जच आपल्या परिस्थितीला सर्वांत जवळचे वाटतात.

आता आपल्याकडे.

महाराष्ट्रात शिक्षकांनी संस्था स्वतः चालवण्याची परंपरा जुनी आहे. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली ती आजीव सेवकांच्या बळावर. शिकवणारेच कारभारी होते, त्यांच्यात तीव्र मतभेद झाले, टिळक १८९० मध्ये बाहेर पडले, पण निर्णय शिक्षकांच्याच बैठकीत होत राहिले. मात्र वर्गात काय शिकवायचे ते मॅट्रिकची परीक्षा आणि सरकारी शिक्षणखाते ठरवत होते. कारभार शिक्षकांचा आणि अभ्यासक्रम वरून आलेला, ही घडी पुढे महाराष्ट्रभरच्या खाजगी संस्थांत पसरली आणि आजही ती पुष्कळ ठिकाणी तशीच आहे.

ती मोडणारे लोक वेगळ्या वाटेने आले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबादला काम उभे केले, तेव्हा आदिवासी मुले गुरे राखायला जात असल्याने शाळेत येऊ शकत नव्हती. मग शाळाच कुरणावर गेली. कुरणशाळा म्हणजे काही भिंती नसलेली तीच शाळा नव्हे. वेळ बदलली, साधने बदलली, शिकवण्याचा विषय रानातून घेतला गेला, आणि हे निर्णय तिथे राबणाऱ्या शिक्षिकांनी घेतले. कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयातही अनुभवांतून शिकण्याची रचना शिक्षिकांनी मिळून घडवली.

पण या प्रयोगांना एक मर्यादा होती. ते एका शाळेत किंवा एका संस्थेत झाले. सरकारी शाळांच्या विशाल व्यवस्थेत असे होऊ शकते का, या प्रश्नाचे भारतातले सर्वांत मोठे उत्तर महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात सापडते.

१९७२ साली किशोर भारती ही संस्था आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ सरकारी उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. विज्ञान पाठ करायचे नाही, करून पाहायचे, एवढाच आरंभीचा आग्रह. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक त्यात आले. मात्र हा कार्यक्रम वेगळा ठरला तो शिक्षकांच्या स्थानामुळे. ‘बाल वैज्ञानिक’ या कार्यपुस्तिकांचे मसुदे वर्गात वापरले जात. शिक्षक महिन्यातून एकदा संगम केंद्रावर जमत आणि कोणता प्रयोग फसला, कोणता प्रश्न मुलांना कळला नाही, कोणते साहित्य गावात मिळत नाही, हे सांगत. त्यावरून पुस्तक बदलले जाई. फूल उलगडून पाहायला सुया मागवण्याची गरज नाही, बाभळीचा काटा तेच काम करतो, हे अशाच देवघेवीतून पुढे आले. माशीचे जीवनचक्र पाहण्यासाठी शेणावर अंडी शोधायची असतात, हे खेड्यातल्या शिक्षकाला वैज्ञानिकाइतकेच, कधी थोडे जास्तच ठाऊक होते. बैठकीत दोघांचे शब्द सारख्या वजनाने घेतले जात. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून आणि प्रयोग करून होई, आणि तिच्या प्रश्नांवर शिक्षकच कार्यशाळेत बसून काम करत. ‘होशंगाबाद विज्ञान’ हे त्यांचे पत्रक होते. त्यांच्यातलेच अनुभवी लोक स्रोत शिक्षक म्हणून इतरांना प्रशिक्षण देत.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला, १९८२ मध्ये त्यातून एकलव्य संस्था निघाली आणि शेवटी सुमारे पंधरा जिल्ह्यांतल्या हजार शाळांपर्यंत तो पोचला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. शिक्षकांनी, वैज्ञानिकांनी विरोध केला, तो उपयोगी पडला नाही. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबू शकते, ही वस्तुस्थिती या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने समोर ठेवली पाहिजे. शिक्षकांचा वाटा ज्या व्यवस्थेत मेहरबानीवर अवलंबून असतो, तिथे तो हक्क झालेला नसतो.

महाराष्ट्राशी या कामाचा धागा जुळलेला आहे. पुण्यात टेल्कोमध्ये अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये किशोर भारतीत गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे त्यांचे आकार तिथे जन्मले, आणि पुढे ते पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रातून हजारो मुलांपर्यंत पोचले. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या नियतकालिकाचे मराठी भावंड असलेले ‘शैक्षणिक संदर्भ’ पुण्यातून निघू लागले.

धोरणांच्या भाषेत हा विचार हळूहळू आला. यशपाल समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्याबद्दल अहवाल दिला. त्यात अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकांची निर्मिती विकेंद्रित करून शिक्षकांचा सहभाग वाढवावा, अशी शिफारस होती. ओझ्याची चर्चा खूप झाली. ही शिफारस मागे राहिली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शिक्षकाच्या स्वायत्ततेला जागा दिली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळासंकुलांची कल्पना पुन्हा आणली, जी कोठारी आयोगाने १९६६ मध्येच मांडली होती.

महाराष्ट्रात संकुलासारखी रचना आधीपासून आहे. काही शाळांचे एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख, आणि दरमहा शिक्षण परिषद. सहनेतृत्वासाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. शिवाय आपल्या असंख्य शाळा द्विशिक्षकी. पहिली ते पाचवी दोघांनी सांभाळायची असेल तर सहकारी शेजारच्या गावातच शोधावे लागतात. पण परिषदेत काय चालते? परिपत्रके वाचली जातात, पोर्टलवर राहिलेल्या माहितीची आठवण दिली जाते, एखादा नमुना पाठ होतो, आणि बाकीचा वेळ प्रशिक्षणाच्या पीपीटीला जातो. केंद्रप्रमुखांची कितीतरी पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात. बीएलओची, म्हणजे मतदार याद्यांची, कामे आणि सर्वेक्षणे यांनी शिक्षकांचा महिना भरतो. असे असताना सहनेतृत्वाचे व्याख्यान देणे म्हणजे थकलेल्या माणसावर आणखी एक जबाबदारी टाकणे. हे पुस्तक ती चूक करत नाही. शिक्षकांना मोकळा वेळ मिळाल्याशिवाय यातले काही होणार नाही, ही त्याची पहिली अट आहे.

तरी याच रचनेतून चांगले काही निघाले आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. परतताना अनेकांनी फरशीवरच्या आकृत्या आणल्या. त्या काढणे सोपे होते. आकृती कशासाठी, हे ठरवताना झालेली चर्चा आणि चुकण्याची मोकळीक गाडीत घालून आणता आली नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. एका वर्गातली कल्पना राज्याच्या पुस्तकात पोचू शकते, हे यातून दिसले. ती पोचण्याची नेहमीची वाट मात्र अजून नाही.

ती वाट नसण्याची किंमत अलीकडेच दिसली. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणणारा शासन निर्णय निघाला, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि शाळा सुरू झाल्यावर, २९ जूनला, दोन्ही निर्णय रद्द करून समिती नेमण्यात आली. भाषेचा प्रश्न मोठा होता आणि त्यावर समाजाने बोलायलाच हवे होते. पण सहा वर्षांच्या मुलांच्या वेळापत्रकात या भाषेच्या तासिका कुठे बसतात, मुळाक्षरे न आलेल्या मुलाचे काय, बहुवर्ग अध्यापनात हे कोण करणार, हे पहिलीच्या वर्गावरच्या बाईंचे प्रश्न निर्णयाआधी विचारण्याची कोणतीही ठरलेली जागा व्यवस्थेत नव्हती. नव्या आराखड्यांनुसार पुस्तके बदलत राहण्याच्या येत्या वर्षांत असे प्रसंग पुन्हा येतील.

हे पुस्तक म्हणूनच आत्ता येत आहे. त्याचा वाचक शिक्षक आहे. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले (डाएट) अधिव्याख्याते यांच्यासाठीही ते उपयोगी ठरेल. त्यात परदेशी प्रयोगांची ओळख आहे, पण नक्कल करण्याचा सल्ला नाही. जपानी पाठ-अभ्यासाला लागणारा वेळ जपानच्या शाळेत आहे, आपल्या शाळेत तो आधी निर्माण करावा लागेल. यशाच्या कथांइतकीच जागा थांबलेल्या कामांना दिली आहे, कारण होशंगाबाद समजून न घेता नवा उपक्रम सुरू करणे म्हणजे तीच ठेच पुन्हा खाणे. शिक्षकांमधल्या उतरंडीबद्दलही पुस्तक बोलते. ज्येष्ठ आणि नवे, इंग्रजी-गणिताचे आणि कला-कार्यानुभवाचे, कायम आणि कंत्राटी, सभेत बोलणारे गुरुजी आणि गप्प राहणाऱ्या बाई. नेतृत्व वाटायचे म्हटले की ते या आधीच्या असमान जागांवरून वाटले जाते, आणि ते लक्षात न घेतल्यास तेच चार जण सगळ्या समित्यांवर दिसतात.

पुस्तक एक लहान सुरुवात सुचवते. पुढच्या शिक्षण परिषदेत एक इयत्ता आणि एक घटक घ्यावा. ज्यांनी तो शिकवला आहे त्यांनी मुलांच्या वह्या बरोबर आणाव्यात. मुले नेमकी कुठे अडली ते पाहून क्रम, उदाहरण किंवा कृती यांतला एक बदल सर्वांनी मिळून ठरवावा आणि महिनाभर तो करून पाहावा. काय झाले ते दोन पानांत लिहून त्याची एक प्रत केंद्रात ठेवावी आणि एक प्रत डाएटमार्फत बालभारतीच्या संबंधित अभ्यासगटाकडे पाठवावी. सोबतच्या पत्रावर केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांच्या सह्या असाव्यात आणि उत्तर कधीपर्यंत अपेक्षित आहे तेही त्यात लिहावे.